आधी टायमिंग, मग कार्बुरेटर : जुन्या फियाटचं इंजिन कसं लावायचं

साताऱ्यात आणि सांगलीत जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणणारी तरुण मंडळी वाढली आहेत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. आजोबांची पद्मिनी (फियाटचीच भारतात बनलेली गाडी) शेडमधून बाहेर निघते, कुणी कुठल्यातरी गोठ्यात उभी असलेली डुक्कर फियाट शोधून आणतो. पत्रा होतो, रंग होतो, सीट नवी होते. मग एका रविवारी गाडी यवतेश्वरच्या घाटाला लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर उचके द्यायला लागते. अशा वेळी बहुतेकांचा हात सरळ कार्बुरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. तिथेच सगळं बिघडतं.

इंजिन लावायचा, म्हणजे ट्यून करायचा, एक क्रम आहे: आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट), मग पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी तोंडं) आणि प्लग, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि सगळ्यात शेवटी कार्बुरेटर. टायमिंग मागे असलेली, म्हणजे ठिणगी उशिरा पडणारी, गाडी अगदी पेट्रोल कमी पडल्यासारखी वागते. पिकअप नसतो, चढाला दम लागतो, इंजिन तापतं. अशा गाडीला मोठा जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) घातला तर ती काळा धूर सोडायला लागते आणि मूळ दोष तसाच राहतो. आता दोन दोष झाले, आणि कुठला कशामुळे हे शोधणं दुप्पट अवघड झालं.

इथे उदाहरण पद्मिनीचं घेतलं आहे: १०८९ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह, सोलेक्स कार्बुरेटर, पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. अँबॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाची ऑर्डरही हीच, त्यामुळे बरंचसं त्यालाही लागू पडतं. हे इंजिन साधं आहे म्हणून त्याला कमी समजू नका. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी ट्यून केलेल्या फियाट शर्यतीत धावायच्या. नीट लावलेलं १०८९ इंजिन आजही हलकं आणि चपळ चालतं.

जवळ काय हवं

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), प्लग पाना, चपट्या तोंडाचे दोन-तीन चांगले स्क्रू ड्रायव्हर, बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी (हाच टेस्ट लॅम्प), टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा), व्हॅक्यूम गेज आणि हातभर रबरी पाइप. सांगलीकरांना शंभर फुटी रस्त्यावर यातलं बहुतेक मिळून जाईल. टायमिंग लाइट विकत घेणं जड वाटलं तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका. सोबत एक वही हवीच. प्रत्येक बदल करण्याआधी जुनी स्थिती त्यात लिहायची: स्क्रू किती फेरे बाहेर होता, कुठल्या नंबरचा जेट होता, टायमिंग किती अंशांवर होतं. मागे परतायची वाट त्या वहीतच असते. गाडीचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. गॅपचे आणि अंशांचे नेमके आकडे त्यातूनच घ्यायचे. मी खाली देतो ते अशा इंजिनांचे सर्वसाधारण आकडे आहेत.

सुरक्षेचं थोडक्यात पण गंभीरपणे सांगतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हाताशी पावडरचं अग्निशामक ठेवा. कार्बुरेटर उघडताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. चालू इंजिनावर वाकताना ओढणी, उपरणं, सैल बाही काहीही फॅनजवळ जाऊ देऊ नका. पद्मिनीचा फॅन उघडा असतो.

इंजिन धडधाकट आहे का ते बघा

कंप्रेशन चांगलं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारा. आकडा किती आला यापेक्षा चार आकड्यांत तफावत किती, हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दुखणं व्हॉल्व्हमध्ये, रिंगमध्ये किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये आहे, आणि ते ट्युनिंगने बरं होणारं नाही.

कंप्रेशन ठीक असेल तर टॅपेट लावा. थंड की गरम इंजिनावर, ते मॅन्युअल सांगेल. १-३-४-२ ऑर्डरच्या इंजिनात १ आणि ४ ही जोडी, २ आणि ३ ही दुसरी. चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, अशा ठिकाणी इंजिन थांबवलं की पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात, तेव्हा ते लावायचे. पहिल्याचे व्हॉल्व्ह तसे डुलताना चौथ्याचे, दुसऱ्याचे डुलताना तिसऱ्याचे, तिसऱ्याचे डुलताना दुसऱ्याचे. फिलर गेजची पाती किंचित धरून सरकली पाहिजे, खेचावी लागता कामा नये.

ज्यांची गाडी हेडचं काम न होता बरीच चालली आहे त्यांनी एक्झॉस्टच्या टॅपेटवर विशेष लक्ष ठेवावं. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचा पातळ थर जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीटना वाचवायचा, तो गेला. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप हळूहळू नाहीशी होते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून आपण खूश, आणि आत व्हॉल्व्ह जळत असतो. थोडेसे वाजणारे टॅपेट परवडले.

पॉइंट, कंडेन्सर, प्लग

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा आणि उजेडात आतून बघा. बारीक काळी रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी, तर कॅप फुटली आहे. पावसाळ्यात ती गाडी हमखास मिस मारणार. मधला कार्बन दाबला की स्प्रिंगवर परत वर आला पाहिजे.

आता पॉइंट बोटाने उघडून दोन्ही तोंडं निरखा. निरोगी पॉइंट करडा आणि सपाट दिसतो. एका तोंडावर छोटं टोक आणि समोरच्या तोंडावर तेवढाच खड्डा तयार झाला असेल तर तिथे धातू एकीकडून दुसरीकडे गेला आहे. बहुतेकदा कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर उडणारी ठिणगी शोषून घेणारा छोटा डबा, बिघडलेला किंवा चुकीच्या मापाचा असतो. तोंड निळं-काळं जळालं असेल तरी संशय कंडेन्सरवरच घ्या. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज घातली तर ती टोकावर टेकते आणि माप खोटं येतं. पॉलिश पेपरने घासून चालवण्यापेक्षा पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदला.

रबिंग ब्लॉक, म्हणजे पॉइंटचा कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा, कॅमच्या बरोब्बर टोकावर असताना गॅप लावायची. सर्वसाधारणपणे ०.४ मिमीच्या आसपास. लॉक स्क्रू आवळताना गॅप हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. कॅमला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लावा. कोरडा ब्लॉक लवकर झिजतो. ब्लॉक झिजला की गॅप कमी होते, आणि गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणूनच पॉइंटची गॅप टायमिंगच्या आधी. नंतर लावाल तर लावलेलं टायमिंग हललंच समजा.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. तो खडखडत असेल तर बुश गेला, आणि प्रत्येक सिलिंडरला टायमिंग वेगळं पडणार. असा डिस्ट्रिब्युटर आधी दुरुस्त करून घ्या. पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक किट मिळतात आणि ती चांगलीही असतात, पण झिजलेल्या शाफ्टवर त्यांचाही पूर्ण उपयोग होत नाही. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष पॉइंटवरच काढा. ठिणगी कशी पडते हे हाताला कळू दे.

प्लगची गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि काढलेले जुने प्लग फेकू नका, क्रमाने मांडून ठेवा. पुढे लागतील.

टायमिंग

ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदम पेट घेत नाही, जाळ पसरायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून, म्हणजे टीडीसीवरून, थोडा खाली उतरल्यावर यायला हवा, तेव्हाच तो क्रँकला नीट ढकलतो. त्यासाठी ठिणगी टीडीसीच्या आधीच पाडावी लागते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर एका मिलिसेकंदात क्रँक पाच अंशांहून थोडा कमी फिरतो, तर ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात १८ अंश. जाळाला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडायला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा हेच काम करतात. व्हॅक्यूमचा डबा दुसरं काम करतो: हलक्या पायाने गाडी चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून तो आणखी थोडा ॲडव्हान्स देतो, म्हणजे ठिणगी अजून आधी पाडतो. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जातो आणि तो ॲडव्हान्सही जातो.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा. सपाट जागी गाडी टॉप गिअरला टाकून कुणालातरी हळूहळू पुढे ढकलायला सांगा. हवा अंगठा उडवायला लागली की तो कंप्रेशनचा स्ट्रोक. पुलीवरची खूण मॅन्युअलने सांगितलेल्या अंशांवर आणा. अशा इंजिनांत स्टॅटिक टायमिंग साधारण ५ ते १० अंश आधी असतं. खूण पुढे गेली तर गाडी मागे ढकलून तिथेच आणून थांबवू नका. चांगली मागे न्या आणि पुन्हा पुढे येत खुणेवर थांबा, नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा मापात येतो.

बऱ्याच गाड्यांच्या पुलीवर अंशांच्या खुणा उरलेल्या नसतात, फक्त टीडीसीची खाच असते. तेव्हा पुलीचा व्यास मोजा. १४० मिमी व्यास असेल तर घेर ४४० मिमी, म्हणजे १० अंशांना १२.२ मिमी. कागदाची पट्टी कापून तेवढ्या अंतरावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारा. रेघ कुठल्या बाजूला? इंजिन फिरताना ती टीडीसीच्या खाचेच्या आधी काट्यासमोर आली पाहिजे. हे उलटं झालं तर टायमिंग वीस अंशांनी चुकेल, म्हणून मारण्याआधी एकदा हाताने फिरवून खात्री करा.

आता टेस्ट लॅम्प. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन करा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला राहतो, उघडले की लागतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करा. रोटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवा, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उलट दिशेला आणा. ज्या क्षणी बल्ब लागला तिथेच हात थांबवा आणि क्लॅम्प आवळा. इथे घाई करू नका. डिस्ट्रिब्युटर एक अंश हलला की क्रँकवर तो दोन अंश असतो. नखाएवढा सरकला तरी गाडीची चाल बदलते. आवळल्यावर इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून बल्ब खुणेवरच लागतो का ते तपासा. इग्निशन उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

एवढ्याने गाडी चालू होईल आणि बरीच चांगली चालेल. खरी पारख टायमिंग लाइटने. व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, स्लो स्पीडला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनावर, लाइट मारा आणि खूण जुळवा. मग हळूहळू ३००० फेऱ्यांपर्यंत न्या. खूण गुळगुळीत पुढे सरकली पाहिजे. अशा इंजिनात एकूण ॲडव्हान्स साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंत जातो. खूण हललीच नाही तर वजनं गंजून बसली आहेत. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. झटक्याने पुढे गेली तर स्प्रिंग तुटली किंवा ताणली आहे. खूण एका जागी न राहता नाचत असेल तर पुन्हा त्या शाफ्टच्या बुशकडे बघा. शेवटी व्हॅक्यूमच्या पाइपला तोंडाने ओढून बघा: आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने पाइप बंद केला तर तिथेच राहिली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटलाय.

आता कार्बुरेटर

स्क्रूला हात लावण्याआधी हवा कुठून चोरून आत जाते का ते शोधा. इंजिन स्लो स्पीडला ठेवा आणि पिचकारीने थोडं पाणी कार्बुरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या जोडावर आणि थ्रॉटलच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांवर मारा. कॅप, कॉइल आणि प्लगच्या वायरी मात्र कोरड्या ठेवा. जिथे पाणी मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तिथून हवा जाते. गळती शोधायला पेट्रोल कधीही मारू नका. सोलेक्सचा खालचा फ्लँज नट अति आवळल्याने वाकतो. पट्टी ठेवून बघा, वाकला असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. थ्रॉटलचा शाफ्ट डगडगत असेल तर बुश बसवून घ्या. डगडगणाऱ्या शाफ्टवर स्लो स्पीड कधीच टिकत नाही.

मग कार्बुरेटर उघडा. वाटीतला गाळ काढा, फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल भरलेलं नाही ना ते बघा, वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला कड पडली असेल तर तो बदला. फ्लोटची पातळी मॅन्युअलप्रमाणे लावा. ही पातळी चुकली तर प्रत्येक जेटचं काम चुकतं. जेट हवेने फुंकून साफ करा. तार घालू नका. जेट पितळेचा असतो, तारेने भोक मोठं होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ड्रिलने जेट मोठा करून देणाऱ्यांना हात जोडून नाही म्हणा. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२५ म्हणजे १.२५ मिमी. १२५ चा १३० केला तर भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं. एवढ्या बारीक फरकाचं काम हँड ड्रिलचं नाही.

परत बसवल्यावर, इंजिन बंद असताना, एअर फिल्टर काढून वरून बघत ॲक्सिलरेटर दाबा. पेट्रोलची बारीक धार त्याच क्षणी सुटली पाहिजे. उशिरा सुटली किंवा थेंब-थेंब आली तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेला आहे. सिग्नलवरून निघताना गाडी एक गचका देऊन मग पळते, ते बहुतेक यामुळेच.

स्लो स्पीड लावताना इंजिन पूर्ण गरम हवं, चोक पूर्ण उघडा, फिल्टर बसवलेला. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने तळाशी टेकवा आणि दीड फेरा बाहेर काढा. जोर लावून टेकवला तर त्याच्या निमुळत्या टोकाला कड पडते. स्पीड स्क्रूने ८००-९०० फेरे ठेवा. आता मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत वेगात आणि गुळगुळीत कुठे चालतं ते शोधा, प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबून. वेग वाढला की स्पीड स्क्रूने पुन्हा खाली आणा आणि परत तोच शोध. शेवटी किंचित, फेऱ्याचा आठवा भाग, आत. यामाहा आरएक्स १०० या मोटरसायकलवर हात बसलेल्यांनी एक लक्षात ठेवा: त्या गाडीचा एअर स्क्रू आत घेतला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, इथे आत घेतला की लीन (पेट्रोल कमी). फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा अडवतो, इंजिनाच्या बाजूचा मिश्रण अडवतो.

व्हॅक्यूम गेज असेल तर काटा सर्वांत वर आणि स्थिर कुठे राहतो ते बघा. पुस्तकातले १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात. दर हजार फुटांना एक इंच कमी धरायचा. सातारा जवळजवळ २४०० फुटांवर आहे, म्हणून इथे १५ ते १८ इंच आले तर इंजिन आजारी आहे असं समजू नका. सांगली साताऱ्यापेक्षा बरीच खाली, तिथे अर्धा-पाऊण इंच जास्त मिळेल.

पीयूसी काढायला जाल तेव्हा नुसता कागद घेऊन परत येऊ नका, स्लो स्पीडचा सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) किती आला ते वहीत लिहा. दीड ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान असेल तर अशा जुन्या इंजिनासाठी ते छान आहे.

इथेनॉल आणि घाट

मॅन्युअल लिहिलं गेलं तेव्हा पंपावर शुद्ध पेट्रोल मिळायचं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच आहे. ते इथेनॉल आपल्याच सातारा-सांगलीच्या उसातूनही निघतं, तेव्हा त्याच्याशी भांडण नाही, पण कार्बुरेटरला त्याची वेगळी सोय करावी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३.५. म्हणजे तोच जेट ठेवला तर गाडी सुमारे ८ टक्के लीन चालते. वर जेटच्या क्षेत्रफळाचं जे गणित केलं ते इथे कामाला येतं: मेन जेट एक पायरी वर, १२५ चा १३०, इतकाच बदल बहुधा पुरतो. पण आधी प्लग बघा, कारण काही गाड्या मुळातच रिच लावलेल्या असतात आणि त्यांना काहीच करावं लागत नाही.

जेटपेक्षा तातडीचं काम रबराचं. जुने पेट्रोल पाइप इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात आणि तो चुरा नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतो. इथेनॉलला टिकणारे पाइप आणि पंपाचा तसाच डायफ्राम घाला. फुटलेला पेट्रोल पाइप म्हणजे बॉनेटखाली आग, यात टाळाटाळ नको. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, म्हणजे कार्बुरेटरची वाटी रिकामी होईल. नाहीतर वाटीत पांढरी भुकटी धरते.

उंचीचा परिणाम याच्या उलटा. सातारा साडेसातशे मीटरच्या जरा खाली, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. पसरणीचा घाट चढून वर गेलात की हवा सुमारे ६ टक्के विरळ होते आणि कार्बुरेटरची गाडी अंदाजे ३ टक्के रिच. एवढ्यासाठी काहीही बदलू नका. वर गेल्यावर ताकद कमी वाटते ती मुख्यतः हवाच कमी मिळते म्हणून. ज्याने महाबळेश्वरला थांबून स्क्रू लीन केला, त्याची गाडी परत वाईला उतरल्यावर तापणार.

रस्त्यावरची पारख

सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना निघा. कास पठारावरच्या फुलांचा हंगाम असेल तर यवतेश्वरच्या घाटात प्रयोग नकोत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर टॉप गिअरला ताशी ४०-५० च्या वेगाने चढ घ्या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा खळखळाट आला तर नॉकिंग आहे. लगेच पाय काढा आणि टायमिंग दोन अंश मागे घ्या. पुन्हा चढ, पुन्हा ऐका. आवाज जिथे पूर्ण गेला तिथे थांबा. नॉकिंग चालू ठेवून पळवलेल्या इंजिनाचा पिस्टन वितळतो, हेडचं पॅकिंग उडतं. मॅन्युअलचा आकडा सुरुवातीसाठी असतो, शेवटचा निर्णय चढ देतो.

उलट आवाज अजिबात नाही पण गाडी जड, आणि लाइटने बघितलेलं टायमिंग मॅन्युअलपेक्षा मागे असेल, तर एक-एक अंश पुढे घेत जा. एका वेळी एकच बदल. टायमिंग आणि जेट एकाच दिवशी बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणारच नाही.

टायमिंग बसलं की प्लग वाचा. निर्मनुष्य सरळ चढावर थोडा वेळ पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी ओढवा, क्लच दाबून इग्निशन बंद करा (चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल) आणि कडेला थांबा. गरम प्लग सांभाळून काढा. बिस्किटी रंग म्हणजे उत्तम. कोरडी काजळी म्हणजे रिच. पांढराफटक आणि कडेला बारीक मणी दिसले तर लीन किंवा टायमिंग फार पुढे. अशी गाडी तशीच चालवू नका. ओला तेलकट प्लग रिंगची किंवा व्हॉल्व्ह गाइडची तक्रार सांगतो. आजच्या पेट्रोलवर प्लगचा रंग जुन्या पुस्तकांतल्या चित्रांपेक्षा फिकाच येतो, त्यामुळे थोडा फिका दिसला म्हणून घाबरून जेट वाढवू नका. सुरुवातीला काढून ठेवलेले प्लग शेजारी ठेवून तुलना करा. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा. चारही सारखे बिघडलेले असतील तर कार्बुरेटरचा किंवा टायमिंगचा.

दोन कार्बुरेटर असतील तर

वेगाच्या हौसेने काहीजण जुळे कार्बुरेटर बसवतात, आणि काही ब्रिटिश गाड्यांवर एसयू कार्बुरेटरची जोडी मुळातच असते. क्रम तोच, फक्त एक काम वाढतं: दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. दोघांना जोडणारी लिंक ढिली करा, म्हणजे प्रत्येकाचा स्पीड स्क्रू स्वतंत्र होईल. रबरी पाइपचं एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी एकाच अंतरावर धरा. ज्याचा हवा ओढल्याचा सूं-सूं आवाज मोठा तो जास्त ओढतोय. दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत लावा, मग मिश्रण, मग पुन्हा आवाज, आणि शेवटी लिंक अशी आवळा की ॲक्सिलरेटर दाबल्यावर दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी हलतील.

एसयूच्या मिश्रणाची परीक्षा सोपी आहे. कार्बुरेटरच्या आतला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच. पडला किंवा इंजिन बंद पडलं तर लीन. वरच्या डॅशपॉटमधलं, म्हणजे त्या पिस्टनची हालचाल आवरणाऱ्या नळीतलं, तेल संपलेलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळतं. आधी तेल भरा, मग बाकीचं.

नवे पॉइंट घातले असतील तर ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. नवा रबिंग ब्लॉक सुरुवातीला भराभर बसतो आणि टायमिंग दोन-तीन अंश मागे गेलेलं सापडतं. ते पुन्हा लावा, आकडा वहीत लिहा. त्यानंतर दर तीन-साडेतीन हजार किलोमीटरला पॉइंट आणि टायमिंग बघायचं. कार्बुरेटरच्या स्क्रूला मधल्या काळात हात लावायची गरज पडत नाही.